हसणाऱ्यांत आपणही होतो का?

१४ फेब्रुवारी जवळ आला की प्रेमाच्या बाजारीकरणावर आपल्याकडे हिरिरीने चर्चा होते. ती अनाठायी असते असेही नाही. परंतु २०१४ साली नेमक्या याच दिवशी प्रदर्शित झालेल्या एका मराठी चित्रपटाने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्या चर्चेत कधीच सापडत नाही. तो चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. दिग्दर्शकाच्या या पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसाच तो जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडे या बालकलाकारालाही मिळाला.

शाळकरी जब्याचे मन वर्गातील शालूवर जडते. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की माणूस वश होतो, या समजुतीपायी तो रानोमाळ भटकतो. आपल्याला चांगले कपडे असावेत, असे त्याला वाटू लागते. वाढत्या वयातील हे खुळेपण कोणत्या घराला अपरिचित आहे? आपल्या मुलाच्या दप्तरात एखादी चिठ्ठी सापडली, तर आपण रागावू, समजावू आणि कालांतराने हसून विसरूनही जाऊ.

जब्याला ही मुभा नाही. तो कैकाडी घरातला आहे. गावातील डुकरे धरण्याचे काम परंपरेने त्याच्या घराच्या माथी आलेले आहे. ‘फँड्री’ या शब्दाचा कैकाडी बोलीतील अर्थच डुक्कर. गावकऱ्यांच्या सांगण्यावरून शाळेच्या परिसरात सारे कुटुंब डुकरामागे धावते, तेव्हा वर्गमित्रांनी पाहू नये म्हणून जब्या आडोसा शोधतो. सभोवती जमलेल्या गावाची मात्र करमणूक चाललेली असते आणि हसणाऱ्यांत शालूही असते. इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. डुक्कर हाती लागण्याच्या बेतात असतानाही ते कुटुंब स्तब्ध उभे राहते. राष्ट्राचा मान राखणाऱ्या या माणसांचा मान गाव मात्र राखत नाही.

या तिरस्काराला इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कैकाडीही त्यातून सुटले नाहीत. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, मनातील शिक्का मात्र पुसला गेला नाही. सगळा दोष परकीयांच्या पदरात टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही, कारण डुकराला शिवलेला माणूस अपवित्र मानण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नव्हती.

असे चित्रपट समाजात दुही माजवतात, असा आक्षेप काही सज्जन घेतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु जखम दाखवणाऱ्याने जखम केली, असे म्हणता येईल काय? दुही त्या हसण्यात आहे. अस्पृश्यता हे पाप आहे, असे व्यासपीठावरून सांगणे आता सोपे झाले आहे. वर्गातील एखाद्या मुलाच्या आडनावावरून किंवा त्याच्या वडिलांच्या कामावरून आपली मुले फिदीफिदी हसतात, तेव्हा त्यांना तिथल्या तिथे थांबवणे अवघड आहे. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवणारे कार्यकर्ते हे अवघड काम वर्षानुवर्षे करीत आहेत. पण शाळा काढून भागत नाही. त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आपल्या घराचा उंबरठाही मोकळा असावा लागतो.

चित्रपटाच्या अखेरीस जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. हा चित्रपट आपल्या वयात येणाऱ्या मुलामुलींसोबत बसून पाहावा. पाहून झाल्यावर प्रेमाचे वय कोणते, हा उपदेश त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा आणि एवढेच विचारावे : त्या गर्दीत तू असतास, तर काय केले असतेस? मुलाच्या उत्तराआधी आपले उत्तर मात्र तयार असू द्यावे.