चकाकता फोन, 'अनलिमिटेड' होस्टिंग आणि आपला हिशोब

आपल्या पोरांच्या हातात देखणा फोन दिसला की काही ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच साधेपणाचे प्रवचन सुरू करतात. मला ते मान्य नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नीटनेटके राहायला, अंगभर लुगडे नेसायला सांगितले होते. चांगले दिसणे, चांगली वस्तू वापरणे यात लाजण्यासारखे काही नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की, देखणेपणाच्या बदल्यात कंपनीने आपल्याकडून काय काढून घेतले?

सॅमसंगचे दोन जुने फोन शेजारी ठेवून पाहा. २०१४ चा गॅलेक्सी एस५ प्लास्टिकच्या पाठीचा, ८.१ मिलिमीटर जाड. नखाने झाकण उघडून बॅटरी बदलता येई, मेमरी कार्ड घालता येई, थोडा वेळ पाण्यात पडला तरी चाले. पण 'दिसायला स्वस्त वाटतो' अशी टीका झाली. २०१५ मध्ये एस६ आला, काच आणि धातूचा, ६.८ मिलिमीटरचा. बॅटरी आत बंद झाली आणि २८०० वरून २५५० एमएएचवर आली. कार्डाची जागा गेली, पाण्यापासूनचे संरक्षणही गेले. बॅटरी बंद केल्याशिवाय फोन पाण्यात टिकणार कसा, असे विचारणाऱ्यांना एस५ हेच उत्तर आहे. काचेचा एक खरा फायदा मात्र मान्य करायला हवा: वायरलेस चार्जिंग काचेतून होते, धातूच्या पाठीतून होत नाही. ज्याला ते हवे त्याने त्याची किंमत जरूर द्यावी.

ही हौस अजून संपलेली नाही. २०२५ चा एस२५ एज ५.८ मिलिमीटरचा आहे आणि त्याची बॅटरी ३९०० एमएएच. तेवढ्याच स्क्रीनच्या एस२५ प्लसमध्ये ४९०० आहे. दिवसभर वस्तीत फॉर्म भरणाऱ्या, सभेचे रेकॉर्डिंग करणाऱ्या कार्यकर्त्याला यातले कोणते उपयोगी, हे सांगायला हवे का? गंमत म्हणजे काचेची पाठ फुटू नये म्हणून आपण पहिल्याच दिवशी तिच्यावर रबरी कव्हर चढवतो. पैसे मोजून घेतलेले सौंदर्य मग कोणालाच दिसत नाही.

आता हाच हिशोब संघटनेच्या वेबसाइटला लावू. तिथे मी स्वस्ताच्या बाजूने आहे. छोट्या मंडळाने, वाचनालयाने शेअर्ड होस्टिंगच घ्यावे. स्वतंत्र सर्व्हरच्या भाड्यासाठी वर्गणी गोळा करत बसू नये. फक्त आपण चाळीत राहायला जातोय हे ध्यानात ठेवावे. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात, टाकी एकच. शेजाऱ्याने मोटार लावली की आपला नळ बारीक होतो. शेजाऱ्याने स्पॅम मेल पाठवले की सगळ्यांचा सामायिक आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि आपले सभेचे निमंत्रण लोकांच्या स्पॅममध्ये पडते.

जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेले असते. ते बहुधा जागेबद्दल आणि बँडविड्थबद्दल असते. प्रोसेसर, मेमरी, फाइलींची एकूण संख्या यांच्या मर्यादा अटींच्या पानावर बारीक अक्षरात असतात. बहुतेक साइट बहुतेक वेळ झोपलेल्या असतात, या भरवशावर कंपनी आहे त्यापेक्षा जास्त विकते. स्वस्ताई येते ती इथूनच. आपल्या साइट मात्र वर्षभर झोपतात आणि १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला एकदम जाग्या होतात. वर्डप्रेस प्रत्येक वाचकासाठी डेटाबेस उघडून पान नव्याने तयार करते. एकाच वेळी शेकडो लोक आले की मर्यादा संपते आणि अनेक ठिकाणी '५०८' असा एरर झळकतो, तोही नेमका त्याच दिवशी.

अशा वेळी कंपनी मोठा प्लॅन सुचवते. आधी कॅशिंग सुरू करा, म्हणजे एकदा तयार झालेले पान तसेच पुढच्या वाचकाला जाते. फोटो लहान करून चढवा. भाषणांचे व्हिडिओ होस्टिंगवर ठेवू नका, यूट्यूबवर ठेवा. एवढ्यावर बऱ्याच मंडळांचे काम भागते. आणि प्लॅन घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहून खूश होऊ नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तो कितीतरी जास्त असतो.

स्वस्तात तडजोड कुठे करायची नाही, तेही ठरवायला हवे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचे सगळे गेले. जुनी स्मरणिका, चळवळीतल्या वृद्धांच्या मुलाखती, शिबिरांचे फोटो एकदा गेले की पुन्हा कुठून आणणार? महिन्यातून एकदा पूर्ण बॅकअप उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवायला कोणताही प्लॅन लागत नाही.

डोमेनचेही तसेच. ते होस्टिंगपासून वेगळे आणि संघटनेच्या नावावर असावे. बहुतेक ठिकाणी ते एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर असते. तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या न उघडलेल्या मेलमध्ये पडून राहते, आणि दहा वर्षे पत्रकांवर छापलेले नाव दुसऱ्याचे होते. तुमच्या संघटनेच्या डोमेनची मुदत कधी संपते आणि सूचना कोणाला येते, हे पुढच्या बैठकीत विचारा.