कोल्हापुरी चपलेच्या जाहिरातीतील गाळलेली जागा

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि त्यांचे वर्णन 'चामड्याच्या सँडल' एवढेच केले. त्यावर जो संताप उसळला, त्यात समाजमाध्यमांचा वाटा मोठा होता. थोड्याच दिवसांत कंपनीला या चपलांचे भारतीय मूळ मान्य करावे लागले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. नाव न घेणे हा अन्याय आहे, असे आपण सर्वांनी त्या वेळी एकमुखाने म्हटले. तोच निकष आपल्याच गावातील जाहिरातींना लावून पाहावा, असे आम्हांस वाटते.

आज कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधील दुकानदार इन्स्टाग्रामवर चित्रफिती टाकतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेतो. यात वावगे काही नाही. वर्तमानपत्रातील जाहिरातीचा खर्च ज्याला झेपत नव्हता, त्याला खिशातल्या फोनने पुण्या-मुंबईचे, क्वचित परदेशातलेही गिऱ्हाईक मिळवून दिले, ही लहान धंद्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होय.

प्रश्न आहे तो या जाहिरातींच्या भाषेचा. साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण त्या संहितेसारख्या वाचल्या, तर काय दिसते? 'रॉयल', 'ओरिजिनल', 'हँडमेड' ही विशेषणे. जोडीला राजवाडा, कुस्ती, तांबडा-पांढरा रस्सा आणि 'नाद खुळा'. रांगड्या कोल्हापूरची ही प्रतिमा गिऱ्हाइकाला आवडते, म्हणून ती पुनःपुन्हा वापरली जाते. मात्र 'हाताने बनवलेली' असे म्हणताना तो हात कोणाचा, हे वाक्य सांगत नाही. कर्ता गाळलेले हे वाक्य आहे.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, दोन्ही बाजूंचे कान, पट्ट्यावरची वेणी, हा त्या हातांचा शब्दसंग्रह आहे. वेणीचे नाजूक काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. कापशी, पुकरी, बक्कलनाळी ही प्रकारांची नावेही याच परंपरेतली. जाहिरातीत त्यांच्या जागी 'डिझाइन' हा एकच शब्द येतो. २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांतील चार-चार जिल्ह्यांना आहे. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील अथणीची चप्पलही न्यायाने 'कोल्हापुरी'च ठरते. पण अथणीचे नाव जाहिरातीत क्वचितच येते. चर्मकार समाजाचे तर नाहीच. राजाश्रयाचा इतिहास अभिमानाने सांगायचा आणि ज्या जातीवर हे काम लादून तिला हीन लेखले गेले, तिच्याविषयी मौन बाळगायचे, ही निवड निरागस म्हणता येत नाही.

दुकानदाराची अडचण आम्ही समजू शकतो. कारागिराचे नाव सांगितले, तर गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु जी भीती खरी ठरली तर कारागिराला चार पैसे अधिक मिळतील, तिच्यासाठी त्याने कायम अनाम राहावे काय? शिवाय महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने कारागिराची माहिती देणारे क्यूआर संकेत चपलांसाठी आणले आहेत. खरी कोल्हापुरी ओळखू न येणाऱ्या दूरच्या गिऱ्हाइकाला असे नाव हाच भरवसा वाटेल. म्हणजे नाव देण्यात दुकानदाराचाही लाभ आहे.

दलित साहित्याने आपल्याला एक प्रश्न विचारायला शिकविले: कोण बोलतो, आणि कोणाविषयी परस्पर बोलले जाते? तो प्रश्न वर्गातील पुस्तकापुरता ठेवण्याचे कारण नाही. आमचे अनेक विद्यार्थी अशा जाहिरातींचा मजकूर लिहून देतात. काहींच्या घरी चपला बनतातही. त्यांनी पुढच्या चित्रफितीखाली गावाचे, प्रकाराचे आणि संमतीने कारागिराचे नाव लिहावे. मिलानकडून आपण याहून अधिक काही मागितले नव्हते.