स्टिअरिंगच्या बाजूचे धोरण

दुबईच्या रास अल खोर भागात जुन्या मोटारींच्या व्यापारासाठी एक मुक्त क्षेत्र आहे. ते २००० साली सुरू झाले. जपानहून जहाजाने आलेल्या मोटारी तिथे उन्हात रांगेने उभ्या असतात आणि त्यांपैकी बहुतेकींना कुंपणापलीकडच्या रस्त्यावर धावता येत नाही. जपानमध्ये वाहतूक डाव्या बाजूने चालते, त्यामुळे तिथल्या मोटारीचे स्टिअरिंग उजवीकडे असते. संयुक्त अरब अमिरातीत वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि उजव्या स्टिअरिंगच्या मोटारीची तिथे सर्वसाधारणपणे नोंदणी होत नाही. या मोटारी मग पूर्व आफ्रिकेकडे आणि इतरत्र रवाना होतात. दुबईला मिळतो तो हाताळणीचा आणि व्यापाराचा पैसा. रस्ता मात्र तिने या मोटारींना दिलेला नाही.

वेगवान जपानी मोटारी हा पैसेवाल्या तरुणांचा छंद; राष्ट्रीय प्रश्नांच्या स्तंभात त्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मला स्वतःला मोटारींचा शौक नाही. पण आयुष्याचा मोठा भाग नियम करण्यात आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्यात गेल्यामुळे, एखादा नियम माणसांच्या हौसेला कोणते वळण देतो याचे मला कुतूहल आहे. हे वळण आखातात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

जपानी मोटारउद्योगाच्या भरभराटीच्या काळातली निसान स्कायलाइन जीटी-आर घ्या. १९८९ ची आर३२, मग आर३३ आणि १९९९ ते २००२ या काळातली आर३४, या तिन्ही पिढ्या कारखान्यातून केवळ उजव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपापसांत एक अलिखित समझोता केला होता, की कोणत्याही मोटारीची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीपुढे न्यायची नाही. हा समझोता २००४ पर्यंत टिकला. कागदावर २८० आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक, हा प्रकार कोणत्याही सरकारी नोकराला ओळखीचा वाटावा! असो. त्याच काळातली टोयोटा सुप्रा आणि माझदाची आरएक्स-७ या मोटारी मात्र अमेरिकेसाठी डाव्या स्टिअरिंगच्याही बनल्या. म्हणून आखातातल्या हौशी माणसाला सुप्रा अमेरिकेतून मिळवून रस्त्यावर आणता येते. स्कायलाइन मात्र गॅरेजमध्ये झाकून ठेवावी लागते, शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालवावी लागते किंवा भरपूर खर्च करून तिचे स्टिअरिंग डावीकडे न्यावे लागते.

रस्त्याची बाजू ही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नव्हे. बहारीनमध्ये ब्रिटिश प्रभावामुळे वाहतूक डावीकडून चाले; आजूबाजूचे देश उजवीकडून जात असल्याने त्याने १९६७ मध्ये बाजू बदलली. ओकिनावा बेट महायुद्धानंतर अमेरिकी अमलाखाली उजवीकडून चालत होते; जपानकडे परत आल्यावर ३० जुलै १९७८ रोजी ते एका दिवसात डावीकडे आले. खाडीच्या किनाऱ्यावरच्या कित्येक व्यवस्था एके काळी मुंबईकडे पाहून चालत. १९५९ पासून काही वर्षे तर आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला खास ‘आखाती रुपया’ तिथे चलनात होता. रस्त्याची बाजू मात्र पुढे अरब शेजाऱ्यांच्या चालीने ठरली आणि त्या निर्णयाने पुढच्या पिढीने कोणती जपानी मोटार आपली मानायची हेही बरेचसे ठरवून टाकले.

तिने आपली मानली ती निसान पॅट्रोल. १९९७ मध्ये आलेल्या वाय६१ या पिढीला पुढे ४.८ लिटरचे सहा सिलिंडरचे टीबी४८ इंजिन मिळाले. हे जड, ओतीव लोखंडी ब्लॉकचे इंजिन मूळचे पावणेतीनशेच्या आसपास अश्वशक्तीचे. त्यावर मोठा टर्बो बसवून, आतले पिस्टन आणि दांडे बदलून आखातातल्या गॅरेजांनी ते हजार अश्वशक्तीच्या पुढे नेले. अबुधाबीच्या लिवा भागात मोरीब नावाची सुमारे तीनशे मीटर उंचीची वाळूची टेकडी आहे. तिच्यावर पूर्ण वेगाने चढण्याची स्पर्धा दरवर्षी होते आणि शेत-जंगल तुडवण्यासाठी बांधलेली ही धिप्पाड गाडी तिथे शर्यतीच्या घोड्यासारखी सुटते. हे यंत्र जपानचे खरे, पण त्याची ही ओळख आखातातच घडली. टोकियोच्या रात्रीच्या रस्त्यांवरून निघालेली मोटारसंस्कृती इथे नियमाला अडली आणि वाळूकडे वळली.

आता जकातीचे पाहू. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी १ जानेवारी २००३ पासून सामाईक सीमाशुल्क लागू केले. बहुतेक मालावर ते पाच टक्के आहे आणि मोटारही त्यात येते. त्यावर अमिरातीत २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. सौदी अरेबियाने तो २०२० मध्ये पंधरा टक्के केला. आपल्याकडच्या दरांशी तुलना केली तर हे दार सताड उघडे वाटेल. पण खरी फाटके आतल्या बाजूला आहेत. स्टिअरिंगची बाजू हे एक. वय हे दुसरे: पाच वर्षांहून जुनी मोटार सौदी अरेबिया आयात करू देत नाही, अपवाद फार जुन्या संग्राह्य मोटारींचा. तिसरे, आखाती मानके. मोठा रेडिएटर, उन्हाळा सोसणारी वातानुकूलन यंत्रणा आणि धुळीला तोंड देणारी रचना असलेल्या मोटारीला तिथे ‘जीसीसी स्पेक’ म्हणतात. ती नसलेल्या मोटारीचा भाव बाजारात लगेच पडतो. चौथे फाटक अधिकृत विक्रेत्यांचे. अमिरातीच्या १९८१ च्या व्यापारी प्रतिनिधी कायद्याने एकेका घराण्याला एकेका कंपनीचे हक्क जवळजवळ कायमचे दिले होते. २०२२ च्या नव्या कायद्याने ती पकड सैल केली आहे. अधिकृत दुकानातला सुटा भाग महाग, म्हणून बाहेरून आणलेल्या भागांचा समांतर बाजार तिथे फोफावला.

इथे इतर देशांचे नियम शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा केला. तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली मोटार पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय तिथे आणता येत नाही. सौदी अरेबिया जुन्याला भितो, अमेरिका अशा परक्या मोटारींपैकी फक्त जुन्यांनाच दार उघडते आणि भारत तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार घेत नाही. त्या अमेरिकी नियमामुळे २०२४ पासून पहिल्या आर३४ तिथे जाऊ लागल्या आणि या मोटारींचे जगभरचे भाव चढले. वॉशिंग्टनमधल्या एका कलमाने टोकियोच्या लिलावात बोली वाढते आणि शारजातल्या गोदामात पडून असलेल्या इंजिनाची किंमतही बदलते.

गोदामांचा हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी नव्या मोटारीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. वय वाढते तसा तिचा खर्चही वाढत जातो आणि धडधाकट मोटारही मालकाला नकोशी होते. ती लिलावात जाते. तिथे प्रत्येक मोटारीचा एक तपासणी-तक्ता असतो; त्यावर श्रेणी, ओरखडे, अपघाताची दुरुस्ती सारे नोंदलेले असते आणि हजारो मैलांवरचा व्यापारी त्या एका कागदावर विसंबून पैसे लावतो. या व्यापारात जपानमध्ये स्थायिक झालेल्या पाकिस्तानी व्यापाऱ्यांचे जाळे फार मोठे आहे. मोटार जशीच्या तशी नेता येत नसेल तर ती कापतात. पुढचा अर्धा भाग इंजिन, गिअरबॉक्स आणि तारांसकट पाठवतात. त्याला ‘हाफ-कट’ असेच नाव आहे. ज्या स्कायलाइनला अमिरातीचा रस्ता बंद, तिचे इंजिन सुट्या भागांच्या रूपात बंदरातून आत येते आणि दुसऱ्याच एखाद्या मोटारीच्या पोटात बसते. नियमाने मोटार अडवली, तिचे काळीज मात्र आत आले. यात बेकायदा काहीच नसते. मोटार आणि सुटे भाग यांत धोरणाने केलेला भेद व्यापाऱ्याने पुरता वापरलेला असतो इतकेच. याच वाटेने बनावट ब्रेक आणि बनावट फिल्टरही येतात आणि हजार अश्वशक्तीच्या गाडीला बनावट ब्रेक म्हणजे काय हे सांगायला नको.

रस्त्यावरच्या वेडेपणाबाबत या देशांनी गुळमुळीतपणा ठेवलेला नाही. दुबईने २०२३ च्या आदेशाने बेदरकार चालवलेली जप्त मोटार सोडवण्याची रक्कम ५०,००० दिरहम केली. त्याच वेळी ड्रॅग शर्यतीसाठी मार्ग बांधून दिले आणि मोटारीत करायच्या बदलांना तपासणी व मंजुरीची वाट ठेवली. रियाधमध्ये तरुणांच्या मोटारी घसरवण्याच्या खेळामागे शहराची रचना आणि तुंबलेला असंतोष कसा होता, यावर पास्कल मेनोरे या अभ्यासकाचे २०१४ मधले पुस्तक आहे. केवळ दंडाने हा प्रश्न सुटत नाही, हे आखाती राज्यकर्त्यांच्या उशिरा का होईना ध्यानात आलेले दिसते.

याउलट आपण काय केले? वापरलेल्या मोटारीवर आपले मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षे १२५ टक्के होते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्याची मांडणी बदलून काही भाग उपकरात नेला. एकंदर भार फारसा हलला नाही. त्यावर वयाची अट, उजव्या स्टिअरिंगची अट आणि ठराविक बंदराची अट. आखातात वीस वर्षे राबून एखाद्या मल्याळी माणसाने पॅट्रोल घेतली, तरी डाव्या स्टिअरिंगची ती गाडी त्याला कायमची घरी आणता येत नाही. कार्नेच्या कागदावर काही महिन्यांपुरती फिरवता येते. भिंत इतकी उंच केल्यावर भुयार कुठून निघाले? भूतानमधून. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने केरळभर छापे घातले आणि तीसहून अधिक वाहने ताब्यात घेतली. भूतानमार्गे मोटारी आणून, लष्कराच्या आणि दूतावासांच्या नावाची बनावट कागदपत्रे करून इतर राज्यांत त्यांची नोंदणी केली, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालये करतील. पण आखाताशी ज्या राज्याचे नाते सर्वांत घट्ट, त्याच राज्यात या मोटारींची ओढ इतकी असावी यात आश्चर्य नाही.

आखाताची नक्कल करा असे मी म्हणणार नाही. त्या देशांना जपण्यासारखा मोटारउद्योग नव्हता. सौदी अरेबियात तो आत्ता कुठे सुरू होतो आहे. आपल्याकडे चाकण, श्रीपेरुंबुदूर आणि मानेसरमध्ये लाखो हातांना त्यावर काम आहे. जपानच्या टाकून दिलेल्या मोटारींना दार मोकळे केले तर काय होईल, ही भीती खोटी नाही. मात्र एका मोठ्या उद्योगाला वाचवण्यासाठी लावलेला दर वर्षाला काही शे येऊ शकतील अशा संग्राह्य मोटारींनाही लावायचा आणि नोंदणी कार्यालयातली कागदपत्रे पडताळायची नाहीत, यातून महसूलही बुडतो आणि उद्योगालाही काही मिळत नाही. अशा मोटारींसाठी वार्षिक संख्येची मर्यादा, झेपेल असे शुल्क आणि आयातीच्या कागदाशी जुळल्याखेरीज कोणत्याही राज्यात नोंदणी नाही, एवढी तरतूद वाणिज्य आणि परिवहन ही दोन मंत्रालये एका बैठकीत करू शकतील.

बदल केलेल्या मोटारींचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधूनच आलेल्या प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावून, उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असे म्हटले. कायद्याचे शब्द पाहता तो अर्थ बरोबरच आहे. बदल तपासून संमत करणारी वाट कायद्यात नीट आखून देणे हे संसदेचे काम. तपासणीसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था आपल्याकडे १९६६ पासून आहेत.

राहता राहिली ती माणसे. आखातात नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. शारजाच्या औद्योगिक भागात मी गेलो तेव्हा, टीबी४८ इंजिन उघडून बसलेल्या कारागिरांत केरळचे आणि पंजाबचे लोक पाकिस्तानी व फिलिपिनो सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करताना दिसले. पन्नास अंशांच्या उन्हात टर्बोत शिरणारी हवा कशी थंड ठेवायची आणि इंधन किती द्यायचे, हे त्यांच्यापैकी एकाने मला कागदावर आकृती काढून समजावले. त्याच्या व्हिसावर हुद्दा ‘मदतनीस’ असा होता. २०२० मध्ये साथीमुळे परतणाऱ्या कामगारांची कौशल्ये नोंदवण्यासाठी केंद्राने ‘स्वदेस’ नावाचा अर्ज काढला होता, आणि अनुभवातून मिळालेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल विकास योजनेत त्याआधीपासून आहे. ती परीक्षा दुबई, शारजा आणि दम्माममध्येच घेता येईल. वाणिज्य दूतावासांच्या आवारात दर शुक्रवारी एक खोली आणि एक परीक्षक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.