दुसरं मत कुणाला?

आपल्या जिल्ह्याचं पोर टीव्हीवर गायला लागलं की चौकात फ्लेक्स लागतो, ‘मत द्या!’ गाणं ऐका, असं कुणीच म्हणत नाही. मला हे पटत नाही.

२००७ ला जकार्तात ‘एशियन आयडॉल’ झालं. भारताकडून आपला अभिजीत सावंत होता, जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा. तिथं मत देताना दोन नावं द्यावी लागायची. एक आपल्या माणसाचं दिलं, तरी दुसऱ्यासाठी परक्याचं गाणं ऐकणं आलंच. दुसऱ्या पसंतीवर कुणी जिंकलं तर काय बिघडतंय ओ?

हाच नियम आपल्या चॅनेलांनी लावावा. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत बोलणाऱ्या सोलापूरला तो जड जाऊ नये. शाहीर राम जोशींच्या गावात गाण्याला पिनकोड कशाला?