विश्लेषण : आलिशान गाडीसाठी स्कॅनर निवडताना… दिवा विझवायचा की दोष शोधायचा?

नाशिकच्या रस्त्यांवर मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. यातल्या अनेक गाड्या मुंबई-पुण्याच्या पहिल्या मालकाकडून आलेल्या असतात. काही थेट दिल्लीहून येतात, कारण तिथे १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे त्या स्वस्तात निघाल्या. वापरलेली आलिशान गाडी नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळते, हा व्यवहार मोहात पाडणारा आहे. पण त्यात एक गोम आहे. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागला की मालकाला हे पहिल्यांदा कळते. मग शोध सुरू होतो स्कॅनरचा. ऑनलाइन बाजारात तो काही शे रुपयांपासून काही लाखांपर्यंत मिळतो. नेमका कोणता घ्यावा आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी?

स्कॅनर नेमके काय वाचतो?

स्टीअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचे एक सॉकेट असते. गाडीतल्या ‘ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स’ म्हणजेच ओबीडी यंत्रणेचा तो दरवाजा. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीची झाली. भारतात बीएस-४ च्या काळात, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने ती आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर ही देखरेख आणखी कडक झाली.

या यंत्रणेचा मूळ हेतू लक्षात घेतला तर निम्मा गोंधळ मिटतो. ती मेकॅनिकच्या सोयीसाठी आली नाही, प्रदूषण रोखण्यासाठी आली. धुरावर परिणाम करणारा बिघाड झाला की दिवा लागतो आणि संगणकात एक कोड नोंदला जातो. कोडचे पहिले अक्षर विभाग सांगते : ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनसारखी चासीची अंगे, ‘बी’ म्हणजे एअरबॅग, एसी यांसारखी बॉडीची यंत्रणा आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधला आपसातला संवाद. ‘पी’ नंतर शून्य आले तर तो सर्व कंपन्यांना समान कोड. एक आले तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ साध्या स्कॅनरला बहुधा कळत नाही.

स्वस्त स्कॅनर आलिशान गाडीत का अपुरा पडतो?

साध्या हॅचबॅकपेक्षा आलिशान गाडीत संगणक कितीतरी जास्त असतात. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, एअर सस्पेन्शन, दरवाजे, सीट, दिवे अशा प्रत्येकाला आपापले नियंत्रण युनिट. कायद्याने खुला असलेला भाग मात्र मुख्यतः प्रदूषणाशी निगडित, म्हणजे इंजिनाभोवतीचा. त्यामुळे स्वस्त स्कॅनर ‘एकही कोड नाही’ असे सांगतो, तेव्हा डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागलेलाही असू शकतो. स्कॅनर खोटे बोलत नाही, त्याला त्या खोलीत प्रवेशच नसतो.

दुसरी अडचण नकलेची. ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचे जे छोटे डोंगल मिळतात, त्यातले बहुतेक कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘ईएलएम ३२७’ या चिपच्या नकला असतात. बाजारात ‘१.५’ अशी आवृत्ती सर्रास छापलेली दिसते. मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. काही नकली डोंगल निमूट काम करतात, काही अर्धवट माहिती देतात. ते कायम सॉकेटला लावून ठेवले तर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

कोड म्हणजे दोष का?

नाही, आणि इथेच पैसे जातात. ‘पी ०१७१’ या कोडचा अर्थ इतकाच, की इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. कारण काहीही असू शकते : फुटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवामापक सेन्सर किंवा थकलेला इंधन पंप. एक काही रुपयांचा पाइप, दुसरा स्प्रेने साफ होणारा, तिसरा हजारोंचा. ‘पी ०४२०’ सांगतो, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम समाधानकारक नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमसारखे धातू असल्याने हा भाग महाग असतो. पण सायलेन्सरच्या पाइपाला गळती असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर बिघडला तरी हाच कोड येतो. कोड वाचून थेट भाग बदलणे म्हणजे ताप आहे म्हणून कोणतेही औषध देणे.

म्हणूनच स्कॅनरची खरी किंमत कोड वाचण्यात नाही, त्यापुढच्या तीन गोष्टींत आहे. पहिली ‘फ्रीझ फ्रेम’ : बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग, इंजिनाचे फेरे, तापमान किती होते याची नोंद. कसारा घाट चढताना गाडीची ताकद अचानक गेली, की सकाळी थंड इंजिन सुरू करताना दिवा लागला, हे यातून समजते. दुसरी ‘लाइव्ह डेटा’ : सेन्सर या क्षणी काय सांगत आहेत ते आकडे. तिसरी ‘अ‍ॅक्टिव्ह टेस्ट’ : स्कॅनरवरून पंखा, पंप किंवा व्हॉल्व्ह चालवून पाहणे. या तिन्हींशिवायचा स्कॅनर फक्त दिवा विझवण्याच्या कामाचा.

मग निवड कशी करावी?

ढोबळमानाने चार पायऱ्या आहेत. पहिली, सर्व गाड्यांना चालणारे साधे कोड रीडर. प्रवासात दिवा लागला तर गाडी पुढे न्यावी की टोइंग मागवावे, एवढा अंदाज घ्यायला ते पुरेसे असतात. दुसरी, एका ब्रँडसाठी बनवलेली साधने. ऑडी, स्कोडा, फोक्सवॅगनसाठी व्हीसीडीएस आणि ओबीडी-इलेव्हन, बीएमडब्ल्यूसाठी बिमरलिंक ही त्यातली प्रसिद्ध नावे. तिसरी, गॅरेजसाठीचे बहुब्रँड टॅब्लेट : लाँच, ऑटेल, बॉश यांसारख्या कंपन्यांचे. चौथी, कंपनीची स्वतःची प्रणाली : बीएमडब्ल्यूची इस्टा, मर्सिडीजची झेंट्री, फोक्सवॅगन समूहाची ओडिस.

घरी एकच आलिशान गाडी असेल तर दुसरी पायरी बहुतेकांना पुरते. दहा ब्रँडचा टॅब्लेट घेऊन त्यातले नऊ कधीच न वापरणे हा शौक झाला. उलट गॅरेजचालकाने पहिल्या दोन पायऱ्यांवर धंदा उभा करू नये, कारण ग्राहकाच्या लाखोंच्या गाडीवर अंदाजाने काम करण्याचा धोका त्याच्या अंगावर येतो.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला पाच गोष्टी विचाराव्यात. आपल्या गाडीचे मॉडेल आणि वर्ष घालून कंपनीच्या संकेतस्थळावर कोणती युनिट वाचता येतात? इंजिनाशिवाय एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स दिसतात का? बॅटरी बदलल्यावर तिची नोंद करणे, मागचे ब्रेक पॅड बदलण्यासाठी इलेक्ट्रिक हँडब्रेक मोकळा करणे, डिझेलच्या धूरगाळणीची सफाई ही रोजची कामे होतात का? अपडेट किती वर्षे मोफत आणि नंतर शुल्क किती? आणि नव्या गाडीसाठी इथरनेटवरून चालणारे डीओआयपी हे तंत्र त्यात आहे का? शेवटचा प्रश्न अनेक जण विसरतात आणि घरी आल्यावर यंत्र गाडीशी बोलतच नाही.

इंटरनेटवर इस्टा किंवा झेंट्रीच्या चोरट्या प्रती स्वस्तात मिळतात. त्या टाळाव्यात. युनिटचे प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज पडले किंवा जोडणी तुटली तर युनिट निकामी होऊ शकते, आणि अशा वेळी दाद मागायला कुणीच नसते. वॉरंटीतल्या गाडीचे कोडिंग तर घरी करूच नये.

जुनी गाडी घेताना स्कॅनर कसा उपयोगी?

गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी कोड पुसून दिवा विझवणे ही जुनी युक्ती आहे. पण पुसणाऱ्याला एक खूण लपवता येत नाही. कोड पुसला की गाडीच्या स्वयंचाचण्याही शून्यावर येतात, आणि स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ पानावर त्या अपूर्ण दिसतात. वेगवेगळ्या वेगाने, थंड आणि गरम इंजिनावर गाडी चालल्यावरच त्या पूर्ण होतात. रोज वापरातल्या गाडीत या चाचण्या अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. दोन्हींचे कारण विचारायलाच हवे.

ब्रँडचा स्कॅनर असेल तर आणखी एक पडताळणी होते. अनेक आलिशान गाड्यांत धावलेल्या किलोमीटरची नोंद मीटरशिवाय इतर युनिटमध्येही राहते. मीटर ६० हजार आणि गिअरबॉक्सचे युनिट सव्वा लाख सांगत असेल, तर सौदा तिथेच थांबवावा. एवढ्या एका तपासणीत स्कॅनरचे पैसे वसूल होतात.

डोके आपले, कुलूप कंपनीचे

नाशिकला या विषयात हात टेकण्याचे कारण नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉशचा, जुन्या कामगारांच्या तोंडी ‘मायको’चा, कारखाना आहे. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरसाठी तो ओळखला जातो. कॉमन-रेल इंजेक्टरच्या डोक्यावर एक छोटा कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो, तरच इंधनाचे प्रमाण अचूक बसते. म्हणजे पान्याने भाग बसवता येतो, पण काम पुरे होते स्कॅनरनेच. ज्या शहरात हे भाग घडवणारे हात आहेत, त्या शहरातल्या गॅरेजवाल्याला गाडीच्या दाराशी थांबावे लागते, हे खटकणारे आहे.

हे दार का बंद, याचे उत्तर सरकारी कागदांत आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने तक्रार केली, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ देत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात मारुती, टाटा, महिंद्रासोबत मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, स्कोडा आणि फोक्सवॅगनही होत्या. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करा, असेही आयोगाने बजावले. कंपन्या न्यायालयात गेल्या. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, मोटारींचा त्यात समावेश केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. पोर्टलवर माहिती मिळते. कुलपाची किल्ली मिळत नाही.

अन्यत्र हा प्रश्न कायद्याने सोडवला जातो आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारींसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. युरोपीय न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी स्पष्ट केले, की कायद्यात नसलेल्या अटी घालून स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना ओबीडीचा प्रवेश अडवता येणार नाही.

कंपन्यांचा सुरक्षेचा मुद्दा मात्र पोकळ नाही. याच सॉकेटमधून नवी चावी जोडून गाड्या चोरल्या गेल्या आहेत. म्हणून चावी आणि इमोबिलायझर कुलपात राहोत, त्यासाठी ओळख पटवण्याची सक्ती असो. पण कोड वाचणे, ब्रेक पॅड बदलणे, बॅटरीची नोंद करणे या कामांत कसली चोरी? चावीच्या सुरक्षेच्या नावाखाली ब्रेक पॅडचे काम अडवले जाते, तेव्हा तो प्रश्न सुरक्षेचा राहत नाही, बिलाचा होतो. ज्या ब्रँडचे अधिकृत वर्कशॉप गावात नाही, त्याच्या मालकाला त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. दोन्हीकडे जाऊन-येऊन शेकडो किलोमीटर.

आज काय करता येईल?

कायदा येईपर्यंत मालकाच्या हातात एक सवय आहे. दिवा लागला की आधी सर्व युनिटचा अहवाल आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो मोबाइलवर साठवावा. कोड पुसला की हा पुरावाही पुसला जातो. तो फोटो घेऊन गॅरेजमध्ये जावे आणि ‘हा भाग का बदलायचा, कोणत्या चाचणीवरून ठरवले?’ एवढेच विचारावे. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने दुखावत नाही, उलट लाइव्ह डेटा उघडून दाखवतो. जो नुसता कोड दाखवून भागाची किंमत सांगतो, त्याच्या दारातून गाडी परत वळवलेली बरी.