बाहेरून पाहिलेली गाडी

आगगाडीचे फोटो काढायला दिंडोरीत मुक्काम ठोकणे म्हणजे पंढरपुरात उतरून समुद्रस्नानाची चौकशी करण्यासारखे आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कसाऱ्याचा घाट चढून १८६५ साली इगतपुरीला पोचला आणि पुढे नाशिकरोड, कसबे सुकेणे, निफाड करीत मनमाडकडे गेला. दिंडोरी राहिली उत्तरेला, आपल्या डोंगरांच्या संगतीत.

पण गेल्या दिवाळीत आम्ही सारे भाऊबीजेला तिथे मामांकडे गेलो आणि चिरंजीवांच्या गळ्यात नवा कॅमेरा होता. त्यांना धावत्या पंचवटी एक्स्प्रेसचा फोटो हवा होता, तोही शेतातून, सकाळच्या उन्हात. "स्टेशनात काय, कुणीही काढतं!" हे त्यांचे मत. मामांनी सुकेण्याजवळची एका ओळखीच्या बागाईतदाराची द्राक्षबाग सुचवली. पहाटे आम्ही जीपमध्ये बसतो, तोच मफलर गुंडाळीत आप्पा आले.

"मीही येतो. मी ती गाडी कधी पाहिली नाही."

मला हसूच आले. १९७५ साली सुरू झालेल्या त्या गाडीने आप्पांनी १९८४ ते २००६, अशी बावीस वर्षे नाशिकरोड ते मुंबई ये-जा केली. एका बाजूचे अंतर १८७ किलोमीटर! आई पहाटे पाचच्या आत उठून डबा भरायची. रात्री दहाच्या सुमाराला आप्पा घरी येत, तेव्हा आम्ही भावंडे झोपलेली असायचो. वडील आम्हांला उजेडात दिसायचे ते रविवारी. आणि हे म्हणतात, गाडी पाहिली नाही!

"अरे, आत बसलेल्याला गाडी दिसते का?" आप्पा म्हणाले. "फलाटावर दिसते ती उभी असलेली. धावायला लागली की आम्ही आत."

जानोरी, ओझर मागे टाकून आम्ही बागेत पोचलो. छाटणी झालेल्या वेलींवर कोवळी पालवी फुटली होती. रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, ही माझी अट. तो कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. बाकीचे शास्त्र चिरंजीवांनी सांगितले. मुंबईकडे जाणारी गाडी सकाळी उगवतीकडून येते, म्हणून तिचे तोंड सावलीत असते. तेव्हा रुळांच्या दक्षिणेला उभे राहावे, म्हणजे डब्यांच्या अंगावर ऊन पडते. विजेच्या तारांच्या दोन खांबांमधली मोकळी जागा आधीच हेरून ठेवावी. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर, म्हणजे डब्याच्या लांबीहून जास्त पुढे सरकते. गाडी दिसल्यावर कॅमेरा सावरू लागलात, तर फोटो येतो तो मोकळ्या रुळांचा!

आप्पा नातवाचे हे व्याख्यान शाळकरी मुलासारखे ऐकत होते. मधून मधून घड्याळ बघत होते.

ऊन नुकतेच पालवीवर आले होते. दूर भोंगा वाजला, तारा थरथरल्या आणि गाडी आलीच. खिडक्यांमागून खिडक्या गेल्या. त्यांत पेपर वाचणारे, पेंगणारे, हसणारे चेहरे होते; एकही नीट ओळखू येईना. आप्पांनी हात वर केला. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नसावे. वाऱ्याचा एक झोत अंगावर आला आणि पुन्हा पाखरे ऐकू येऊ लागली.

"वेळेवर आहे," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

फोटो छान आला होता. कोपऱ्यात तेवढा आप्पांचा हात. "तो कापून टाकतो," चिरंजीव म्हणाले. मी म्हटले, "राहू दे."

घरी पोचलो तेव्हा आई पाटाभोवती रांगोळी काढत होती. तिने मान वर न करताच विचारले, "काय, पाहिलीत का एकदाची तुमची गाडी?"

"पाहिली. फार लवकर जाते गं."

आईच्या चिमटीतली रांगोळी क्षणभर थांबली.

"हो का?" ती म्हणाली. "मला तर बावीस वर्षं वाटायचं, तिला यायलाच फार वेळ लागतो."