यरूशा : ताब्यातली की वारस?

मुलामुलींच्या नावांच्या पुस्तिकांत 'जेरुशा' या नावापुढे बहुधा एकच अर्थ छापलेला असतो : वारसा. ऐकायला गोड आहे. पण या हिब्रू नावाच्या मुळाशी गेले की गोडवा टिकत नाही.

मूळ उच्चार यरूशा. ज्या धातूपासून हे नाव आले, त्याचा अर्थ ताबा घेणे, वारशाने मिळवणे. मुलूख जिंकला तरी हेच क्रियापद, बापामागे मुलाला शेत मिळाले तरी हेच. मात्र यरूशा हे व्याकरणाने कर्मणी रूप आहे. ताबा घेणारी ती नव्हे. जिचा ताबा घेतला गेला, ती. कोशकारांनी 'ताब्यात घेतलेली, म्हणजे लग्न झालेली' असा तिचा अर्थ लावला आहे. वारसा या शब्दाला तिचे नाव जवळचे, पण वारस ती नाहीच.

केजमध्ये बसून हिब्रू व्याकरणाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारेल. अहो, आपली मराठी तरी काय वेगळे बोलते? मुलगी 'दिली' जाते, सून 'करून आणली' जाते, नवऱ्याने सोडली की ती 'टाकलेली'. आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे वापरलेला 'परित्यक्ता' हा शब्दसुद्धा कर्मणीच. म्हणून तर 'एकल महिला' म्हणायला आपण सुरुवात केली. धर्म कोणताही घ्या, भाषा कोणतीही घ्या, बाईचे नाव बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या क्रियापदाला बांधलेले सापडते.

बायबलमध्ये ही यरूशा दोनदाच येते, एकदा राजांच्या दुसऱ्या ग्रंथात आणि एकदा इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात. दोन्हीकडे मजकूर सारखाच : यहूदाचा राजा योथाम याची ती आई, सादोकाची मुलगी. उज्जीया राजाची ती बायको. ती काय बोलली, काय जगली, याबद्दल एक अक्षर नाही. यहूदाच्या बहुतेक राजांच्या नोंदीत आईचे नाव आवर्जून दिलेले आहे. गादी मात्र बापाकडून मुलाकडेच गेली. आईचे नाव नोंदवणे आणि आईला हक्क देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अडीच हजार वर्षांहून जुन्या कागदावरही दिसते.

हे आज सांगायचे कारण आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलामुलींच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. निर्णयाचे स्वागतच आहे. त्यासाठी कितीतरी बायका कितीतरी वर्षे भांडल्या. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी जुनी पद्धत तशीच ठेवली : तिचे नाव, मग नवऱ्याचे, मग आडनाव. मुलाच्या कागदावर ती आई म्हणून आली, स्वतःच्या कागदावर बायकोच राहिली. आणि आता मंडळी विचारतात, 'नाव लागलं, आणखी काय पाहिजे?'

पाहिजे ते हे : शेत. हिंदू स्त्रीला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिची, हे १९५६ च्या कायद्याने मान्य केले. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. देशभर तो २००५ मध्ये आला. तोवर बाप हयात होता की नव्हता, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पडदा टाकला : हक्क जन्माने मिळतो, बाप हयात असण्याची अट नाही. गंमत पाहा, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ज्यू आणि ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलाइतकाच वाटा होता. सुधारलेल्या म्हणवणाऱ्या बहुसंख्य समाजाला त्यापुढे ऐंशी वर्षे लागली.

कायदा आला, पण तो येताच हक्कसोडपत्रही तयार झाले. बाप गेला की दहाव्या-तेराव्याला भाऊ विषय काढतो. 'माहेर तुटेल' एवढे एकच वाक्य पुरते. बहीण सही करते, आणि तिला वर्षाला एक साडी आणि भाऊबिजेचे ताट मिळते. जे माहेर सही केल्याशिवाय टिकत नाही, ते तिचे होते कधी? १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक गावांतल्या नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. ते मोठे काम होते. तरीही तिथे जमीन 'दिली' गेली. देणारा उदार होतो म्हणून नव्हे, आपली आहे म्हणून ती मिळाली पाहिजे.

ताबा फक्त जमिनीवर नसतो, अंगावरही असतो. इथे या नावाच्या दुसऱ्या एका बाईची आठवण काढावी लागते : डॉ. जेरुशा झिराड. अलिबागजवळच्या झिराड गावावरून आडनाव पडलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातल्या. जन्म १८९० चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या लंडनला गेल्या आणि १९१९ मध्ये तिथली एम.डी. घेऊन आल्या. १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. शहरातल्या बायका बाळंतपणात का मरतात, याची पाहणी करून त्यांनी १९४१ मध्ये अहवाल दिला. बाईचे मरण हे नशीब नव्हे, त्याला कारणे असतात आणि ती मोजता येतात, हे त्यांनी दाखवले. राजाची आई म्हणून उरलेले नाव या बाईने स्वतःच्या कामावर उभे केले.

मोजण्याचे ते काम आपल्या जिल्ह्यात अजून संपलेले नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आकडा आला : बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. सहा जणींत एक. फडावर नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल घेताना हिशेब नवऱ्याशी, फेड मात्र दोघांच्या अंगमेहनतीने. पाळीचा खाडा परवडत नाही, म्हणून पिशवीच काढायची. जिच्या नावावर गुंठाभर रान नाही, तिला अंगच गहाण टाकावे लागते. ज्या बाईची स्वतःची जमीन आहे, ती मुकादमाला आणि डॉक्टरला निदान 'थांबा, विचार करते' म्हणू शकते.

बायबलमध्येच सलाफहादाच्या पाच मुली आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचा हिस्सा बुडावा का, असा सवाल त्यांनी मोशेपुढे, साऱ्या जमावासमोर उभे राहून केला आणि जमीन मिळवली. पुढे त्याच ग्रंथात वारस मुलीसाठी शब्द येतो, योरेशेत. यरूशाचाच धातू, पण रूप कर्तरी : वारसा घेणारी. अर्थात तिथेही पुरुषांनी अट घातलीच, लग्न आपल्याच वंशात करायचे. हक्काला शेपूट लावायची खोड जुनी आहे.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांनी गावोगाव एवढे करावे. बाप गेलेल्या प्रत्येक घरात फेरफाराला सगळ्या लेकींची नावे लागली का, ते सातबारा काढून बघावे. एकाही बहिणीने हक्कसोडपत्रावर एकटीने सही करू नये. आधी गटात यावे, कागद वाचून घ्यावा, मग ठरवावे. उचलीच्या कागदावर बाईचे नाव आणि तिच्या मजुरीचा हिशेब वेगळा मागावा. पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नये.

लेकीचे नाव यरूशा ठेवा, सावित्री ठेवा नाहीतर फातिमा ठेवा. ते नाव सातबाऱ्यावर चढेपर्यंत ती ताब्यातलीच राहणार आहे.